घट

मी मापाडी. उदगीरच्या मोंढ्यात
एकतीस वर्षं काट्यापाशी बसलो.
तूर मापली, करडई मापली, सोयाबीन आलं तेही मापलं.
पाठी मापायला कुणी सांगितलं नव्हतं.

नरसिंगला लातूरला नेलं ते जानेवारीत,
हंगाम भरात, यार्डात पाय ठेवायला जागा नाही,
आणि हा एसटीत वरचा दांडा धरून उभाच.
"बस की."
"बसलं की जास्तच दुखूलालंय, मापाडी."
मला वाटलं, नखरे.

सगळे म्हणत होते, मणक्यात ग्याप आलाय.
मशीनवाली पोरगी, तहसीन नाव,
फिल्म उजेडाला धरून म्हणाली, ग्याप आला नाही काका,
होता तोच गेला.

दोन मणक्यांमध्ये गादी असते.
(गादी म्हटलं की मला कल्याणअप्पांची आठवते,
पांढरी खोळ, तक्क्या, शेजारी पैशांची पेटी.)
ही वेगळी. आत गर, पाणी धरून बसलेला,
भोवती धाग्यांचे थर,
एक डावीकडं तिरपा, त्यावरचा उजवीकडं,
बाज विणावी तसे.
वरून वजन आलं की गर चहूकडं सारखा ढकलतो,
थर ताणले जातात, भार वाटला जातो,
कुणा एकावर पडत नाही.
मोंढ्यात अशी पद्धत मी पाहिली नाही.

दिवसभराच्या ओझ्यानं पाणी थोडं थोडं बाहेर सरतं,
रात्री आडवं झालं की गादी ते परत पिते.
म्हणून माणूस सकाळी उंच
आणि संध्याकाळी बोटभर कमी.
नरसिंग हसला, पहिल्यांदाच त्या दिवशी:
"तरीच सांजच्याला सदरा लांब व्हतो."

पण शंभराची पोती होती तेव्हापासून हा उचलतोय,
पन्नासाची झाली तोवर गर सुकला होता.
फिल्मवर वरच्या तीन गाद्या उजळ,
खालच्या दोन जुन्या चिंचेसारख्या काळ्या.
पाणी गेलं की गर ढकलत नाही,
भार कडेवर येतो,
ताणायला विणलेले थर चेपायला लागतात,
मागच्या अंगाला चीर पडते
आणि पोत्याच्या फाटक्या कोपऱ्यातून तूर गळावी
तसं आतलं थोडं बाहेर येऊन नसेवर बसतं.
नस थेट अंगठ्यापर्यंत ओरडते.

आम्ही ओलाव्यासाठी भाव कापतो,
बारा टक्क्यांवर गेला की भांडणं.
इथं ओलावा गेला म्हणून भाव गेला.
ही घट कुठल्या पट्टीवर धरायची?

मग तिनं आकडे सांगितले, माझ्याकडं बघून.
फार पूर्वी कुणीतरी जित्या माणसाच्या गादीत
सुई घालून दाब मापला,
आपण पोत्यात परखी खुपसतो तशी.
उभं राहिलं तर शंभर धरा.
आडवं झालं की पंचवीस.
वाकून उचललं की दोनशेवीस.
आणि नुसतं बसलं की
एकशेचाळीस.

बसलं की?
मी पुन्हा विचारलं.
एकतीस वर्षं स्टुलावर, पुढं वाकून, पावत्या लिहीत.
पोतं टाकून नरसिंग क्षणभर तरी सरळ व्हायचा,
मी तसाच.
कंबर माझीही धरते. कुणाला बोललो नाही.
ज्यानं काहीच उचललं नाही त्यानं काय बोलायचं.

येताना एसटी रिकामी, आम्ही दोघंही उभे.
नळेगावला कंडक्टर म्हणाला, जागा आहे की, बसा.
नरसिंग म्हणाला, "एकशेचाळीस."
कंडक्टरला वाटलं, तिकिटाचं बोलतोय.

परवा दुपारी, दोन ट्रकांच्या मधल्या वेळात,
बारदान्याच्या थप्पीआड तो गुडघे उंच करून पडला.
कल्याणअप्पांनी गादीवरून आवाज दिला,
कोण झोपलंय रे तिथं?
मी काट्यावर रिकामंच वजन ठेवलं,
काढलं, परत ठेवलं.
मापूलालो, म्हणालो.